दिगूकाका, तुमचा थांबा

अंकातल्या फोटोला काळी चौकट आणि खाली माझं नाव बघून आपल्या मराठी मंडळातल्या मंडळींनी दोन अंदाज बांधले असतील. एक, हा पोरगा आता इथेही नकला करणार. दोन, पोरगा सुधारला, ‘एक तारा निखळला’ वगैरे लिहिणार. दोन्ही चूक. तारा-बिरा काही निखळलेला नाही. दिगूकाका तारा नव्हतेच. त्यांनी स्वतः मला सांगितलं होतं, ‘मी ट्यूबलाइट रे मक्या, लागतो, पण फडफडून.’ जन्म कुठला, शिक्षण किती, कुठल्या जहाज कंपनीत हिशेब बघायचे, हे सगळं सेक्रेटरींच्या लेखात आहे, मागच्या पानावर. ज्यांना ते हवंय त्यांनी तिकडे जा. मला काकांशी बोलायचंय. तुम्ही शेजारी बसून ऐकलंत तरी चालेल, फक्त मध्ये बोलू नका.

तर काका.

तुमची पहिली तक्रार मला माहितीये. फोटो बिनटोपीचा का? शैलाकाकूंनी निवडला. मी हॅटवाला दिला होता, त्यांनी बाजूला ठेवला आणि हा पासपोर्टचा काढून दिला. यात तुम्ही कंट्री सिंगर दिसत नाही, इन्कम टॅक्सवाले दिसता. मी तसं म्हणालो तर काकू म्हणाल्या, ‘घरी असाच दिसायचा तो.’ पुढे माझं काही चाललं नाही.

तुम्हाला पहिल्यांदा बघितलं ते मंडळाच्या गणपतीत. मी तेव्हा या बेटावर नवा होतो. नोकरी वन-नॉर्थला, क्लेमेंटीत एक भाड्याची खोली, आणि मंडळात ओळख एकच, ‘तो नकला करतो तो’. करमाळ्याचा पोरगा, हेडमास्तरांची नक्कल करून छड्या खाल्लेला. इथे येऊन इथल्या मेट्रोतली, म्हणजे एमआरटीतली, अनाउन्समेंटची बाई आणि आमचा मॅनेजर, एवढीच भर घातली होती.

तुमचा नंबर माझ्या आधी होता. निवेदिकाबाई म्हणाल्या, ‘आता एक वेगळा प्रयोग.’ मंडळाच्या भाषेत याचा अर्थ, ज्यांना चहा घ्यायचाय त्यांनी आत्ता घ्या. कार्यक्रमपत्रिकेवर ‘कंट्री’ वाचून मला वाटलं होतं देशभक्तीपर गीत असणार. आणि आलात तुम्ही! चौकड्यांचा शर्ट, बूट, भली मोठी हॅट आणि गिटार. सत्तरीला टेकलेला सोलापूरचा माणूस, आणि तोंड उघडलं तर थेट टेनेसी, अमेरिकेतलं, जिथली ही कंट्री गाणी. प्रत्येक शब्द नाकातून निघून, वळसा घेऊन बाहेर पडत होता.

गाणं लिफ्टचं होतं. तुमचंच, इंग्रजी. इथल्या जुन्या बिल्डिंगमधल्या लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबायच्या नाहीत, मध्येच कुठेतरी उतरून जिना चढायला लागायचा. त्यावर तुम्ही आख्खं दुःखाचं गाणं केलं होतं: माणूस आयुष्यभर वर चढतो, लिफ्ट पाचव्यावर सोडते, आणि माझं घर मात्र... असं म्हणून तुम्ही थांबलात. थांबलात म्हणजे थांबलातच. गिटारवरचा हात वर, हॅट किंचित मागे, नजर कुठेतरी लांब. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी शेजारणीला विचारलं, ‘विसरले का हो?’ मग तुम्ही हळूच म्हणालात, ‘ऑन द सिक्स्थ.’

टाळ्या पडल्या, प्रसाद हातावर पडतो तेवढ्या.

नंतर मी. खोटं कशाला बोलू, ठरलेले सगळे आयटम सोडले आणि तुमचीच नक्कल काढली. हॅट नव्हती म्हणून डोक्यावर कागदी प्लेट धरली. सोलापूरहून निघालेला आवाज टेनेसीला पोचेपर्यंत मध्ये कुठे कुठे गाडी बदलतो ते करून दाखवलं. आणि मग तो थांबा. मी तो ताणला. ताणला. हॉल नुसता फुटला. तेवढ्यात माझी नजर विंगेत गेली. तुम्ही अजून तिथेच उभे.

मला वाटलं, झालं, आता छड्या. तुम्ही स्टेजवर आलात, माझ्या डोक्यावरची प्लेट काढलीत आणि स्वतःची हॅट घातलीत. म्हणालात, ‘प्लेटने आवाज पडतो. ही घाल. आणि थांबा अजून मोठा घे रे. माझा मोठा असतो.’

त्या दिवसापासून मी तुमचा. तुम्ही गाव विचारलंत, मी करमाळा म्हणालो, तर तुम्ही आजूबाजूच्या पुणेकरांकडे बघून म्हणालात, ‘जिल्हा एकच आमचा. आता जपून राहा.’ मग दर रविवारी मी बेटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, हौगांगला यायला लागलो. आधी तुमचा तिथल्या क्लबातला कार्यक्रम, मग बिल्डिंगखालच्या कॉफीवाल्याकडे तुमची बिनसाखरेची काळी कॉफी, माझी दूध घालून, आणि तुमचं करिअर. तुम्ही हा शब्द फार गमतीने उच्चारायचा, दुसऱ्याच्या मुलाबद्दल बोलल्यासारखा. ‘करिअरचं काय झालं सांगू का...’

काय झालं होतं? ऑफिस सुटलं की टाय काढून गिटारच्या पेटीत, पेटीतली टोपी डोक्यावर, आणि तुम्ही पबमध्ये. भिंतीवर बैलगाडीचं चाक टांगलेला पब. चाक अमेरिकेचं म्हणून लावलेलं, पण तुम्हाला ते बघून बार्शी रोड आठवायचा. समोर बोटीवरचे खलाशी, तेलाच्या रिगवरचे लोक. ते फर्माइश करायचे तीच तीच गाणी, आणि ती ऐकून रडायचे. मालकाचा नियम, स्वतःचं गाणं एकच, आणि तेही गिऱ्हाईक यायच्या आधी. म्हणजे तुमची स्वतःची गाणी ऐकली कुणी, तर टेबलं पुसणाऱ्यांनी. त्यातला एक गुणगुणायचा म्हणे. हे सांगताना तुमचा चेहरा असा फुलायचा, जसं काही स्टेडियम भरलं होतं.

एक कॅसेटही काढलीत. कव्हरवर तुम्ही गवतात उभे आणि मागे घोडा. घोड्याचा मालक चहा प्यायला गेला तेवढ्यात काढलेला फोटो. कॅसेटची खोकी घरी येईस्तोवर लोकांनी टेपरेकॉर्डर माळ्यावर टाकले होते. ‘घोडा वाया गेला,’ तुम्ही म्हणायचा. मग कॅराओके आलं. गिऱ्हाईकच गायला लागलं, गायकाचं काय काम? पब बंद झाला. ते चाक कुणी नेलं कुणास ठाऊक. तुम्हाला हवं होतं ते. मागायला लाज वाटली म्हणालात.

यावर मी बोललो होतो काहीतरी आगाऊ. नेहमीसारखं. म्हणालो, ‘काका, माझ्यापेक्षा मोठे नकलाकार तुम्ही. मी पाच मिनिटं करतो, तुम्ही जन्मभर टेनेसीची नक्कल केलीत. तिकडे गेलात तरी का कधी?’

‘तू तरी कुठे हेडमास्तर झालायस?’

‘माझं वेगळं. मी हसवायला करतो.’

तुम्ही कॉफी ढवळलीत. साखर नसलेली कॉफी तुम्ही का ढवळायचा, हेही विचारायचं राहिलं. मग म्हणालात, ‘तू नक्कल करतोस ती लोक बघतात म्हणून. मी करत होतो तेव्हा कुणी बघत नव्हतं रे.’

बस आली, मी गेलो. गेल्या आठवड्यात आंघोळ करताना मला एकदम चांगलं उत्तर सुचलं. आता काय उपयोग?

तुमच्या घरात आपली मैफल वेगळीच असायची. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर, गिटार मांडीवर. काकू आत, आम्हाला पाठमोऱ्या. काकू तुम्हाला अरेतुरे करायच्या. ‘दिगू, पाय काढ.’ करमाळ्यात बायको नवऱ्याला असं म्हणाली असती तर वेस बंद झाली असती. कॉलेजच्या नाटकात तुम्ही दोघं एकत्र होता, तेव्हापासूनची सवय म्हणे. आणि तुमच्या गाण्याला तर त्यांच्याकडे काही किंमतच नाही, असं मला वाटायचं. तुम्ही डोळे मिटून आळवताय, ‘लिफ्ट सोडते पाचव्यावर, आणि माझं घर...’ आणि आतून फोडणीच्या आवाजावर आवाज चढवून काकू ओरडायच्या, ‘सहाव्यावर! सिक्स्थ! झालं?’ दुसरं ते घोड्याचं गाणं. घोडा म्हातारा झालाय, रस्ता विसरलाय, त्याला एवढंच कळतं की आता जायचंय... तुम्ही थांबलात की आतून, ‘होम! आणि येताना कोथिंबीर आण.’ मी हसून हसून आडवा. तुम्हीही हसायचा, गाणं संपवायचा, आणि खरंच कोथिंबीर आणायला जायचा.

एकदा मी विचारलं, काकू कार्यक्रमाला का नाही येत? तुम्ही म्हणालात, ‘एकदाच आली होती पबमध्ये. मध्येच उठून गेली.’ मी समजलो. धूर, दारू, खलाशी. बिचारी बाई. मी असा हुशार. लगेच समजतो.

रविवारच्या कार्यक्रमाचं मात्र मंडळींना सांगितलं पाहिजे, कारण मंडळातलं कुणी तिथे कधी फिरकलं नाही. हौगांगच्या कम्युनिटी क्लबात लाइन डान्स. रांगा करून उभं राहायचं, सगळ्यांनी एकच पाऊल एकदम टाकायचं, कडवं संपलं की सगळ्यांनी एकदम वळून पुढच्या भिंतीकडे तोंड करायचं. करणाऱ्या सगळ्या साठीच्या पुढच्या चिनी मावश्या. चकचकीत बूट, झालरीचे शर्ट, गुडघ्याला पट्टे. इतर क्लबांत गाणी स्पीकरवर लावतात, इथे मात्र गायला जिवंत माणूस, अंकल डिग! त्यांची पुढारी आंटी लिंग, उंची माझ्या खांद्याएवढी, आवाज दहाव्या मजल्याएवढा.

तिथे तुम्ही राजे होता, काका. मी खरं सांगतो. पण तिथेही दुसऱ्यांचीच गाणी. स्वतःचं घेतलंत की घोटाळा. तुम्ही थांबायचा, पण मावश्यांचे पाय कसे थांबणार? अर्ध्या पुढच्या भिंतीकडे वळायच्या, अर्ध्या तुमच्याकडे बघत राहायच्या, आणि मधल्या रांगेत टक्कर. आंटी लिंग कमरेवर हात ठेवून, ‘अंकल डिग! व्हाय यू स्टॉप? माय पीपल ऑल बँग ऑलरेडी, लाह!’

तुम्ही हॅट काढून माफी मागायचा. आणि पुढच्या रविवारी तिथेच थांबायचा.

आपलं खरं भांडण हेच. मी म्हणायचो, काका, टायमिंग मला कळतं, माझं पोट त्यावर नाही पण इज्जत त्यावर आहे. हा थांबा काढा. नक्कल करायला ठीक आहे, गाण्यात नको. एवढं केलंत तर तुमचं स्वतःचं गाणं या आख्ख्या हॉलला नाचवेल. तुम्हाला हवं होतं ना तेच? एकदा तरी आपल्या गाण्यावर माणसं नाचताना बघायची होती तुम्हाला. पबमध्ये नाही, कॅसेटवर नाही, निदान इथे. आणि तुम्ही म्हणायचा, ‘थांबा असू दे रे. तो आहे म्हणून गाणं आहे.’ मी म्हणायचो, कुठल्या अमेरिकन रेकॉर्डवरून उचललाय? तुम्ही गालात हसायचा. ते हसणं मला अजून काढता येत नाही. बाकी सगळे तुम्ही येता मला.

मराठीत लिहा, हाही माझाच धोशा. ‘ही चाल मराठीत बसत नाही.’ ‘बसवा.’ ‘तू बसव.’ ‘मला चाल कुठे येते, मला चालबाजी येते.’ असं किती रविवार. मग एकदा कॉफी गार होऊ दिलीत, टेबलावर बोटं वाजवलीत आणि नाकात न बोलता, साध्या सोलापुरी आवाजात म्हणालात:

गिटार घेतली, टोपी घेतली,
छत्री राहिली दारी,
तुझी हाक जिन्यात आली,
मी खालच्या मजल्यावरी.

दोन टाळ्या, एक शिट्टी, बाकी सगळे गप्प,
माझं ताट तेवढं झाकून ठेव,
आलो की सांगतो गाणं कसं झालं,
तू म्हणशील...

आणि थांबलात. शेजारच्या टेबलावर कुणीतरी बिल मागितलं. पंखा दोनदा इकडून तिकडे फिरला. मग तुम्ही म्हणालात, ‘आधी जेव.’

तुम्हीच म्हणालात, ‘काय? जमलं का?’ मी म्हणालो, ‘थांबा मोठा आहे.’

काका, तिथे मी दुसरं काहीतरी म्हणायला हवं होतं. म्हणायला हवं होतं की एवढ्या रविवारांत तुम्ही गायलेलं सगळ्यात सुंदर गाणं हे. मनात तेच होतं. तोंडातून टिंगल आली. माझ्या तोंडाला तेवढाच रस्ता माहीत आहे.

मग तुम्ही ठरवलंत. पुढच्याच्या पुढच्या रविवारी हे गाणं क्लबात म्हणायचं आणि शैलाकाकूंनी समोर बसून ऐकायचं. ‘तू आण तिला,’ तुम्ही म्हणालात. ‘मी म्हटलं तर नाही येणार. तू नकला कर, हसव, हसता हसता घेऊन ये.’ मी तसाच वर गेलो. काकू मेथी निवडत होत्या. मी एमआरटीतल्या बाईच्या आवाजात आमंत्रण दिलं, पुढील स्थानक कम्युनिटी क्लब, वगैरे. काकू हसल्या. मग मेथीकडे बघत म्हणाल्या, ‘त्याला सांग, ते थांबणं काढ म्हणावं. मग येते.’

मला काय आनंद झाला! बघा, घरातूनही माझ्याच बाजूने मत पडलं. उड्या मारत खाली आलो. ‘काका, निकाल लागला. काकूसुद्धा म्हणतायत थांबा काढा. मगच येणार.’

‘असं म्हणाली?’

‘अगदी असंच.’ आणि मी काकूंच्या आवाजात म्हणूनही दाखवलं.

तुम्ही बराच वेळ हॅटची कड गोल गोल फिरवत बसलात. मी बडबडत होतो, थांबा काढला की मावश्यांची टक्कर होणार नाही, काकू पहिल्या रांगेत, तुमचं गाणं, सगळा हॉल नाचतोय, आणखी काय पाहिजे? तुम्ही म्हणालात, ‘थांबा काढला तर तिने येऊन करायचं काय?’

मला वाटलं म्हातारा हट्टाला पेटला. म्हणालो, ‘ऐकायचं!’

‘तिला सांग...’ तुम्ही म्हणालात. मग, ‘नको. राहू दे. मीच सांगेन.’

तुम्ही सांगितलंत का, मला माहीत नाही. तो रविवार यायच्या आधीच तुम्ही गेलात. ते सगळं सेक्रेटरींच्या लेखात आहे.

माझ्याकडे दुसरंच उरलंय. परवा ऑफिसच्या मीटिंगमध्ये कुणीतरी काम कुठवर आलं विचारलं, आणि माझ्या तोंडून तुमच्या आवाजात ‘वेऽऽल’ निघालं, नाकातून, वळसा घेऊन. सगळे हसले. मी बाथरूममध्ये जाऊन बसलो. लोकांचे वडील घर सोडून जातात, जमीन सोडून जातात. तुम्ही माझ्या घशात जाऊन बसलायत आणि मला भाडंही मागता येत नाही.

आणि माझ्या वडिलांचं, आबांचं ऑपरेशन आठवतं? मला करमाळ्याला जाता येत नव्हतं, कामाचा पास रिन्यू व्हायचा होता. मी तोंड पाडून बसलेलो. तुम्ही माझ्याकडून आमच्या हेडमास्तरांचा आवाज शिकून घेतलात आणि रोज आबांना फोन करून त्यांची हजेरी घेतलीत. ‘गोळ्या घेतल्या का? हात पुढे कर!’ आबा मला म्हणायचे, ‘त्या तुझ्या दिगूकाकाला आवर, टाके दुखतात हसून.’ नक्कल अगदीच वाईट होती, काका. हेडमास्तर टेनेसीचे वाटत होते. मी तुमचे आभार मानले नाहीत. तुमची नक्कल कुठे चुकते तेवढं सांगितलं.

आता तुमच्या तेराव्याचं सांगतो, कारण तुम्ही नव्हता. म्हणजे, असालही.

बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत टेबलं मांडली होती. मंडळाची माणसं एका बाजूला, मावश्या दुसऱ्या बाजूला. मावश्यांनी पांढरे शर्ट घातले होते, पण पायांत तेच बूट. चालल्या की टकटक आवाज यायचा आणि मंडळवाले वळून बघायचे. सेक्रेटरी बोलले. मग मला म्हणाले, ‘तू दोन शब्द बोल. पण नकला नकोत हं.’ तेवढ्यात आंटी लिंग माझ्याजवळ आली. तिचा आवाज पहिल्यांदाच तळमजल्यावर होता. म्हणाली, ‘अंकल डिगचं साँग, कॅन? वी नो डान्स. वी ओन्ली स्टँड.’

मला गिटार येत नाही. मी टेबलावर बोटं वाजवली, तुम्ही वाजवली होती तशी. हॅट काकूंच्या शेजारच्या खुर्चीवर होती, ती घेतली नाही. आणि मी तुमच्या आवाजात म्हटलं. टेनेसीच्या नाही, त्या कॉफीच्या टेबलावरच्या. छत्री दारी राहिली, हाक जिन्यात आली. मावश्यांना एक शब्द कळत नव्हता, तरी रांगा करून उभ्या होत्या.

तू म्हणशील...

मी थांबलो. काका, मी जीव ओतून थांबलो. हात वर, मान किंचित मागे, नजर लांब. तुम्ही थांबायचा तेवढंच, रतीभर कमी नाही. कुणी हसलं नाही. मधल्या रांगेत टक्कर झाली नाही. मग मी म्हटलं, ‘आधी जेव.’

सेक्रेटरींनी चष्मा काढला. आंटी लिंगने मला मिठी मारली, तिचं डोकं माझ्या छातीत घुसलं. मला वाटलं, केलं. काकांचं गाणं काकूंच्या समोर झालं एकदाचं. मी काकूंकडे बघितलं तर खुर्ची रिकामी. त्या उठून जेवणाच्या टेबलाकडे गेल्या होत्या, पत्रावळ्या उगाच इकडच्या तिकडे करत होत्या.

मी जवळ गेलो. मला वाटलं रडतायत. म्हटलं, ‘काकू...’

‘गाढवा,’ काकू म्हणाल्या. वळल्या तर डोळे कोरडे, नुसते लाल. ‘एवढी कसली घाई होती तुला?’

‘काकू, ते थांबायचे तेवढाच थांबलो मी.’

‘तो थांबायचा मी बोलेपर्यंत! बोलले नाही तर नाइलाज म्हणून स्वतः म्हणायचा. इतकी वर्षं येतोस घरी, स्वयंपाकघरातून कोण ओरडायचं? तुला काय वाटलं, मी त्याची थट्टा करत होते? शेवटचा शब्द माझा असायचा. नाटकापासूनचं आहे ते आमचं. पबात गेले तेव्हा असाच थांबला माझ्याकडे बघून. सगळे लोक वळून बघायला लागले, साडी नेसलेली मी एकटी, तोंडातून शब्द फुटेना. उठून आले. पुन्हा गेले नाही. गेले असते तर पुन्हा थांबला असता ना तो! आणि तू मला आमंत्रण द्यायला येतोस, बाईच्या आवाजात!’

मी काही बोलायला गेलो.

‘गप्प बस. आज म्हणणार होते मी. चारचौघांत. घरी म्हणून दाखवलं होतं त्याने मला, आणि ती लिंग कालच विचारून गेली होती, आज त्याचं गाणं होऊ दे का म्हणून; सकाळपासून मनाशी घोकत होते. तू थांबलास, मी खुर्चीची कड धरली, तोंड उघडलं, आणि तू मेल्या म्हणून मोकळा! सगळी नक्कल करतोस, आणि जे तुझं नाही तेही म्हणून टाकतोस? ते माझं होतं.’

मावश्या रांगेत उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या. पंखा फिरत होता. मी मान खाली घालून उभा, हेडमास्तरांसमोर राहायचो तसा, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कितीही थांबवलं तरी थांबेना. काकू बघत राहिल्या. मग त्यांनी एक पत्रावळ ओढली, वर पुरी ठेवली, शिरा वाढला आणि माझ्या हातात आदळली.

‘काय उभा आहेस असा? आधी जेव.’